मागच्या जन्मीचं सोनं

लोक आपल्या पाया पडू लागले की समजावं, वय झालं. मला ते पुतण्याच्या लग्नात समजलं. नवरा-नवरी ओळीने एकेकाच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली, वाकली, आणि नवरीचा मेंदीभरला हात माझ्या उजव्या अंगठ्याच्या वर वीतभर अंतरावर थबकला. क्षणभरच. मग तो मोठ्या शिताफीने डाव्या पायाकडे वळला. मी 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणायच्या ऐवजी 'सॉरी' म्हणालो.

तिचा काही दोष नव्हता. माझ्या त्या नखाचा रंग जुन्या पेटीच्या पट्ट्यांसारखा झाला होता. जाडी म्हणाल तर नेलकटरचा जबडा त्यात शिरत नव्हता, आणि खालून ते भुसभुशीत होऊन त्याचा चुरा गळत असे. बूट-मोजे घालून वावरणाऱ्या देशात असला अंगठा जन्मभर गुप्त राहिला असता. आपल्याकडे चपला दाराबाहेर. सत्यनारायणाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं, देवळात अनवाणी, सांत्वनाला गेलं तरी सतरंजीवर. चेहऱ्याआधी पाय दिसतो. मी वर्षभर उजवा पाय डाव्या मांडीखाली दडपून बसण्याची कला साधली होती. लोकांना ते योगासन वाटे.

सुरुवात झाली तेव्हा कोपऱ्यात फक्त एक पिवळा ठिपका होता. मी त्याला हळद समजलो. मराठी घरात पिवळं काहीही दिसलं की ते हळदीवर ढकलता येतं. पण हळद दोन आंघोळींत जाते आणि हा ठिपका काही जाईना, उलट टोकाकडून मुळाकडे सरकत निघाला. मग ज्याने त्याने आपापलं निदान केलं. ही म्हणाली, बूट घट्ट असतील. समोरच्या फ्लॅटमधले म्हणाले, कॅल्शियम कमी. ऑफिसातल्या मित्राने खोकल्याचा बाम चोळायला सांगितलं. त्याला मी हसलो होतो, पण पुढे कळलं की अमेरिकेत २०११ साली हा प्रयोग रीतसर करून झाला आहे. अठरा जणांनी ४८ आठवडे असा बाम लावला आणि पाच जण पूर्ण बरे झाले. अठरांत पाच. आमच्या दहावीच्या तुकडीचा निकाल याहून फार वेगळा नव्हता. मी चार आठवडे टिकलो. घराला कायमची सर्दी झाल्यासारखा वास येऊ लागल्यावर हिने बाटली लपवून ठेवली.

खरं निदान केलं तळमजल्यावरच्या संस्कृतच्या निवृत्त सरांनी. पाणी आलंय का विचारायला मी अनवाणी खाली गेलो, तर सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "कुनखी!" ते आनंदाने म्हणाले. दुर्मीळ पक्षी दिसल्यावर पक्षीमित्रांना होतो तसला आनंद. "मनुस्मृतीचा अकरावा अध्याय. मागच्या जन्मी सोनं चोरणाऱ्याची नखं या जन्मी अशी होतात. दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात." हे सांगताना त्यांनी माझ्या दातांकडेही एक नजर टाकून घेतली. कुनखी माणसाला श्राद्धाच्या पंगतीला बोलावू नये असंही त्याच ग्रंथात लिहिलेलं आहे म्हणे. मी खिन्न झालो. माझा चेहरा बघून सरांनी धीर दिला, सुश्रुताचं मत मात्र वेगळं आहे. त्याने कुनख क्षुद्ररोगांत घातलंय, आणि मार लागून नख खरखरीत आणि काळं पडतं असं साधं कारण दिलंय. पावसाळ्यात आपल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यासुद्धा त्याला ठाऊक होत्या. घाण चिखलात पाय भिजून बोटांमध्ये खाज आणि आग होते, त्याला तो 'अलस' म्हणतो. वैद्याला चिखल दिसला, धर्मशास्त्राला चोर दिसला. मला वैद्य पटला, पण सोसायटीत पसरली ती सोन्याचीच बातमी.

एवढ्यात मी निवृत्त झालो. लेकीने भेट म्हणून पेडिक्युअरचं कूपन दिलं. "बाबा, चौतीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी पाय घासलेत. आता घासून घ्या."

पार्लरच्या काचेवर 'युनिसेक्स' लिहिलेलं होतं, तरी आत मी एकटाच पुरुष. खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी, फक्त इथे तोंडाऐवजी पाय उघडायचे. एक चुणचुणीत मुलगी आली. बोलण्यावरून जळगावकडची वाटली. कपाटात निळा दिवा लावलेला एक डबा होता, त्यात चिमटे-कात्र्या मांडल्या होत्या. आता मनात आलेला प्रश्न सोपा होता: बाई गं, ही हत्यारं माझ्याआधी कोणाच्या पायाला लागली आणि मधल्या वेळात त्यांचं काय केलंस? पण विचारवेना. मी भेंडीचं शेपूट मोडून बघणारा माणूस आहे. कलिंगडाला टिचक्या मारतो, नारळ कानाशी धरून हलवतो, दूधवाल्याला तोंडावर 'आज पाणी जास्त आहे' असं सांगतो. आणि रक्त काढू शकणाऱ्या कात्रीबद्दल एक शब्द तोंडातून फुटला नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती बुरशीची मावशी निघणार, असं वाटलं.

मनाची समजूत घालायला गावाकडचं आठवून बघितलं. सांगलीकडच्या आमच्या वाड्यात सणाच्या आधी नाभिक यायचे. धोकटीतून नराणी काढायचे, पितळी वाटीत नखं भिजवायचे आणि आजोबांपासून सुरुवात करून वयाप्रमाणे उतरत यायचे. आजोबा, काका, वडील, मग आम्ही पोरं. वाटी तीच, पाणी तेच, नराणी तीच. मध्ये ती मांडीवरच्या फडक्याला पुसली की झालं शुद्धीकरण. आमचा वाडा संपला की तीच धोकटी शेजारच्या वाड्यात. आमच्या आळीत पिढीजात काय काय चालत आलं याचा विचार करताना मी वतनं आणि भांडणं एवढंच धरायचो. आता त्यात नखंही धरतो.

मुलीने पाय पाण्यात घेतले. साधा प्लास्टिकचा टब, त्यावर पातळ पिशवीचं अस्तर. बुडबुडे नाहीत, कारंजं नाही. सिनेमात दिसतं तसं काहीच नसल्याने मी जरा हिरमुसलो. तिने उजवा पाय वर घेतला आणि थांबली. हातमोजे काढून दुसरे घातले.

"काका, हे नख डॉक्टरांना दाखवलंय?"

"जन्मापासूनच असंय ते," मी ठोकून दिलं.

तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. "याला मी हात नाही लावणार काका. बाकीची नऊ करते. आणि एकदा स्किनवाल्यांना दाखवाच." मग तिने नऊ नखं सुबक कापली. कातडीची जी झिरझिरीत कड नखाच्या मुळाला चिकटलेली असते ती कापली नाही, हलकेच मागे सारली. माझ्या पायाला लागलेली कानस माझ्यासमोर मोडून कचऱ्यात टाकली. हे सगळं मला भयंकर अपमानास्पद वाटलं. नऊ नखांना बिल मात्र दहांचं.

पाच आठवड्यांनी ते लग्न आलं, नवरीचा हात थबकला, आणि परतीच्या गाडीत मला साक्षात्कार झाला की हे सगळं त्या पार्लरमधूनच आलंय. ठिपका तीन-चार वर्षांपूर्वीचा होता, हळदीचा वाद त्यावर होऊन गेला होता, बामाची बाटली लपवून झाली होती. पण आपल्यावर आळ यायची वेळ आली की स्मरणशक्ती फार सोयीने वागते. मी तक्रारीचा मसुदाही केला. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली असल्याने त्यात 'सबब' हा शब्द चार वेळा आला. लेक म्हणाली, "बाबा, आधी डॉक्टरांचा कागद तरी आणा, जोडायला."

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी अंगठा नुसता बघून काही सांगायचं नाकारलं. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात, म्हणाल्या. बाकी सोरायसिस असतो, बूट लागून झालेली इजा असते, आणखी बरंच असतं, आणि दिसायला ही सगळी एकमेकांची जुळी भावंडं. नखाच्या खालचा भुसा त्यांनी खरवडून घेतला, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं. पोटॅशने नखाचा भाग विरघळतो आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात. मलाही दाखवलं. शेवयांची खीर आटल्यावर तळाशी जे राहतं, तसं काहीतरी. नमुना पुढे वाढवायलाही पाठवला. त्याचा निकाल यायला काही आठवडे लागले, पण आला तेव्हा नावासकट आला: ट्रायकोफायटन रूब्रम. जगभरात पायाच्या नखात मुक्काम ठोकणारी सर्वांत सामान्य बुरशी. एवढं विशेष नख, आणि त्यात सर्वांत सामान्य बुरशी! इथेही मध्यमवर्गच.

ही बुरशी केराटिन खाते. नख, केस आणि कातडीचा वरचा मेलेला थर, सगळे केराटिनचे. नखाच्या आत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून शरीराचे शिपाई तिथवर पोहोचतच नाहीत. ज्या वॉर्डात पोलीस चौकी नाही तिथे कोण येऊन राहतं हे आपल्याला माहीत आहे. अंधार, ओल आणि ऊब ही तिची आवड, आणि बंद बूट या तिन्ही सोयी करून देतो.

"चिखल्या होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणाला होत नाहीत?" जूनमध्ये कुर्ल्याच्या पुढे गाडी थांबली की रुळांतून चालायचं, भिजलेले बूट आठ तास टेबलाखाली तसेच, संध्याकाळी तेच भिजके बूट परत. घरी आल्यावर आई बेचक्यांत मेंदीचा पाला वाटून लावायची. बरं वाटायचं, आणि सकाळी पुन्हा ओले बूट. चार महिने हे आणि मेंदी लढत राहायची.

डॉक्टरांनी तळवा उलटा करून टाच दाखवली. पांढुरकी, पीठ भुरभुरल्यासारखी. "पाय उलले आहेत असंच समजत होतात ना? हिवाळा संपला तरी जात नाही, आणि नुसतं तेल लावून फरक पडत नाही. हीपण तीच आहे. बोटांच्या बेचक्यांतून तळव्यावर, तळव्यावरून नखात. बरीच वर्षं चाललंय हे."

मी घसा खाकरून पार्लरचा विषय काढला. तारीख सांगितली, कूपनही दाखवलं.

"पाच आठवड्यांपूर्वी?" त्या हसल्या. "पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं हो. हाताचं त्याच्या दुप्पट. एवढं जाड नख व्हायला पाच आठवडे पुरत नाहीत. पार्लरमधून बुरशी येऊ शकते, नाही असं नाही. पण ही तुम्ही तिथून आणलेली नाही. तुम्ही ती तिथे नेलीत."

हे वाक्य मी घरी नीट सांगितलं नाही.

उपचार म्हणजे टर्बिनाफीनची २५० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, बारा आठवडे. आधी रक्त तपासून यकृत ठीक आहे ना ते पाहायचं. नुसत्या वरून लावायच्या औषधाने भागेल का, असं मी विचारलं, कारण गोळी म्हटली की आपल्याला 'उष्ण पडेल' ही काळजी. नखाचा थोडासाच भाग बिघडला असता तर लाखेसारखं रंगवायचं औषध चाललं असतं, पण माझं प्रकरण मुळापर्यंत गेलं होतं. या गोळीने काहींच्या जिभेची चव जाते, बहुधा औषध थांबवल्यावर परत येते, हेही त्यांनी सांगितलं. मी ते घरी सांगायला नको होतं. त्या तीन महिन्यांत आमच्याकडे दुधी, पडवळ आणि दोडका एवढंच शिजलं. "नाहीतरी तुम्हाला कळणार नाही," ही म्हणाली. मला सगळं कळत होतं.

जाता जाता एक कबुली द्यावी लागली. स्टेशनजवळच्या केमिस्टकडून आणलेली एक ट्यूब मी अधूनमधून टाचेला आणि कमरेला लावत असे. दोन दिवसांत खाज बंद, म्हणून माझा तिच्यावर फार जीव. ट्यूबवरचं नाव वाचून डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दडपते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. अशा मिश्रणांनी आपल्याकडचं गजकर्ण गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतकं चिवट झालं आहे की ते नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्वचेवरच्या अशा एका नव्या चिवट जातीला २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी नावही दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडो. कशाकशाला आपलं नाव लागावं यावर आपला ताबा उरलेला नाही.

निवृत्त माणसाच्या हाती मोबाइल आणि रोग एकदमच आले की त्याचा अभ्यासक होतो. मी कॅलिफोर्नियापर्यंत गेलो. तिथे वॉटसनव्हिल नावाच्या गावात २००० साली एका नखांच्या पार्लरच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर गळवं आली. महिनोन्महिने बरी होईनात, काहींचे कायमचे वण राहिले. ही बुरशी नव्हती, क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एक जंतू होता, साध्या नळाच्या पाण्यातही सापडणारा. तपास करणाऱ्यांनी बुडबुड्यांच्या त्या ऐटबाज टबांच्या जाळ्या काढून बघितल्या, तर मागे आधीच्या गिऱ्हाइकांच्या केसांचा आणि कातडीचा लगदा साठलेला. वरून टब चकचकीत, आणि मागे जंतूंना बारमाही अन्नछत्र. ज्या बायका पायांचे केस वस्तऱ्याने काढून गेल्या होत्या त्यांना त्रास जास्त झाला. वस्तऱ्याचा बारीकसा ओरखडा म्हणजे जंतूला उघडं दार. ते वाचताना मला पिशवीचं अस्तर घातलेला तो साधा टब आठवला. बुडबुडे नाहीत म्हणून मी हिरमुसलो होतो!

दुसऱ्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन पार्लरमध्ये गेलो. मोजे घालून. मुलीने ओळखलं, नखावरून ओळखलं असणार पण तसं म्हणाली नाही. मी एकदाचं विचारलं, "ही हत्यारं स्वच्छ कशी करतेस गं?" मला वाटलं होतं तिला राग येईल. ती खूश झाली. कोणी विचारत नाही काका, म्हणाली, आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. आधी ब्रश आणि साबणाने घासायचं, कारण मळ तसाच राहिला तर औषधी पाणी त्याच्या खाली पोहोचत नाही. मग औषधी पाण्यात पूर्ण बुडवून, बाटलीवर लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून. गिऱ्हाईक घाईत असलं की सगळीकडे नेमकी हीच मिनिटं खाल्ली जातात, असं तीच म्हणाली. शेवटी कोपऱ्यातलं ऑटोक्लेव्ह. "म्हणजे कुकरच समजा. १२१ अंश, दाबाखाली वाफ. फक्त शिट्टी नाही." लाकडी काड्या, कानशी, टाचेचा दगड, म्हणजे ज्यात छिद्रं आहेत ते सगळं, एका माणसाला एकदाच.

"आणि तो निळ्या दिव्याचा डबा?"

"त्याच्यात धुतलेलं ठेवायचं फक्त. दिव्याने काही साफ होत नाही. तो गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून." पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "मला तर येणारा प्रत्येक पाय तुमचाच समजून धुवावं लागतं काका."

घरी आलो ते या भारावलेल्या अवस्थेत, आणि थेट न्हाणीघरात गेलो. तिथे खुंटीवर आमची पितळी वजरी लटकत होती. सासूबाईंनी दिलेली. हिच्या, माझ्या, आईच्या आणि दोन्ही मुलांच्या टाचा तिने गेली पंचवीस वर्षं घासल्या आहेत. तिच्या खाचांत काय साठलंय हे बघायला मी चष्मा लावला आणि लगेच काढला. मग दिवाणखान्यातला खण उघडला. किल्ल्या, रबरबँड, सुटे पैसे, संपलेले सेल, आणि त्यांच्यात आमचं घराण्याचं नेलकटर. एकच. आईची नखं त्याने, माझा अंगठा त्याने, लेकीची लांब नखं त्याने, आणि त्याला जे छोटं पातं असतं त्याने मी गेल्या रविवारी पेरूच्या फोडी केल्या होत्या. पार्लरवर तक्रार लिहिणारा मी! तिथे नऊ नखांना तीन पायऱ्यांची धुलाई, आणि इथे पाच माणसांची हातांची पन्नास आणि पायांची पन्नास नखं, एक जबडा, आणि धुलाई म्हणजे टेबलाच्या कडेवर दोनदा आपटणं.

त्या संध्याकाळी पाच नेलकटर आणले आणि चिकटपट्टीवर नावं लिहून त्यांना चिकटवली, शाळेच्या डब्यांना लावतात तशी. वजरी उकळत्या पाण्यातून काढून दिवाणखान्यातल्या पितळी भांड्यांमध्ये शोभेला बसली. बुटांचे जोड दोन झाले, एक घालायचा आणि दुसरा वाळायचा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचा नेम झाला, आईच्या जपाइतका वक्तशीर. आईला हे सगळं मान्य आहे. तिचं म्हणणं एवढंच की दिवेलागणीनंतर आणि शनिवारी यांतलं एकही नेलकटर बाहेर काढायचं नाही.

गोळ्या संपून सहा महिने झाले. औषध नखात बरेच महिने टिकून राहतं म्हणे. मुळाकडून गुलाबी नख येऊ लागलं आहे. मी दर पहिल्या तारखेला मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मोजतो आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितो. साडेबारा मिलिमीटर झालं. पुढचं पिवळं टोक जायला अजून चार-सहा महिने लागतील, आणि नीट काळजी घेतली नाही तर स्वारी परत येऊ शकते, असं डॉक्टर सांगून बसल्या आहेत. संस्कृतच्या सरांना मी प्रगती दाखवून आलो. पाप फिटत आलेलं दिसतं, एवढंच ते म्हणाले.

परवा रात्री जेवणं झाल्यावर ही दिव्याखाली पाय घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग डाव्या पायाचा अंगठा माझ्याकडे करून म्हणाली, "ही हळद आहे का बघा हो."

मी चष्मा लावला. कोपऱ्यात पिवळा ठिपका. ओल्या रुमालाने पुसून बघितला. गेला नाही.

"म्हणजे सोनं दोघांनी मिळून चोरलं होतं तर," ती म्हणाली. थोडा वेळ गेला. "मग माझ्या वाटणीचं कुठाय?"